रोझाबाईंची पार्टनर

वॉशिंग मशीनच्या गाळणीत लाल माती साठायला लागली, तेव्हाच मुक्ताच्या लक्षात आलं की सासूबाई आपल्याशी खोटं बोलताहेत.

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गात अशी माती कुठे नसते. बागेत नसते, कुंडीत नसते, डोनाऊ नदीच्या काठावर तर नाहीच नाही. ती असते फक्त टेनिसच्या कोर्टावर, विटा दळून पसरलेली. आणि साधनाताई तर रोज दुपारी "खाली रोझाबाईंकडे कुंड्या भरायला जाते गं" असं सांगून जात. कुंड्या भरणाऱ्या बाईच्या मोज्यांत माती जात नाही. शिवाय ती जिना चढताना "थर्टी-फिफ्टीन, थर्टी-फिफ्टीन" असं रामरक्षेच्या चालीत पुटपुटतही नाही.

तरी मुक्ता गप्प राहिली. सासू-सासरे दर उन्हाळ्यात पुण्याहून तीन महिने येत, आणि आधीच्या उन्हाळ्यांत साधनाताईंनी कंटाळून कंटाळून तिचं स्वयंपाकघर पुन्हापुन्हा नव्याने लावलं होतं. यंदा डाळींचे डबे जागच्या जागी होते. यंदा त्या हसत परत येत, एक पोळी जास्त खात आणि गाढ झोपत. चालू असलेल्या सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, हे मुक्ता नोकरीत शिकली होती. सासूलाही तोच नियम.

फुटलं ते शनिवारी दुपारी, कणकेचे दिवे वळता वळता.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्तरावांची पंचाहत्तरी होती. सकाळी ऐंद्री शांत, मग पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण, मग मराठी मंडळाच्या मंडळींना श्रीखंड-पुरी. त्यासाठी त्यांची थोरली लेक विभावरी ड्युसेलडॉर्फहून चांदीचं तबक मांडीवर घेऊन आली होती, आणि आल्या क्षणापासून घर तिच्या ताब्यात होतं. म्युनिकहून श्रीनाथ गुरुजी आले होते. ते सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत आणि शनिवार-रविवार पौरोहित्य करत. पळी-पंचपात्र लॅपटॉपच्याच बॅगेत असे. मुक्ताचा नवरा देवदत्त, गाड्यांच्या कारखान्यातला इंजिनिअर, विभावरीच्या हुकमाप्रमाणे सोफा कधी इकडे, कधी तिकडे सरकवत होता. बाहेर सकाळपासून पावसाची पिरपिर.

फोन वाजला. साधनाताईंनी कणकेच्या हातानेच तो कानाला लावला, "जा... जा... गेनाऊ" असा जर्मनमध्ये होकार दिला आणि ठेवला. मग हात धुतले, पदराला पुसले.

"विभा, उद्या सकाळी मी नाहीये."

"नाहीस म्हणजे? उद्या बाबांची पंचाहत्तरी आहे आई."

"हो, पण माझी मॅच आहे. आज होती, पावसाने उद्यावर गेली. फायनल आहे."

देवदत्तच्या हातातून सोफ्याचा पाय सुटून त्याच्याच पायावर पडला.

"कसली फायनल?" विभावरीने विचारलं.

"टेनिसची. साठीवरच्या बायकांची डबल्स. नदीकाठचे क्लब आपापसांत खेळतात दर वर्षी. रोझाबाईंची नेहमीची पार्टनर, ती गेर्डा, चेरी काढताना झाडावरून पडली. म्हणून सेमीफायनल मी खेळले. आता जोडी बदलता येत नाही."

"सेमीफायनल खेळलीस?"

"जिंकले," साधनाताई म्हणाल्या.

कोपऱ्यातून चौदा वर्षांच्या अन्वीने "एंडलिश!" म्हणून दोन्ही हात वर केले. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मनच बाहेर पडायचं. एकदाचं सांगितलंस, असा तिचा अर्थ होता. आजीची रॅकेट गेले दोन महिने तिच्याच कपाटात होती.

गुरुदत्तरावांनी हातातलं वर्तमानपत्र खाली केलं. पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माल तपासून पास-नापास करण्याचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर ते घरच्यांना तपासत.

"साधना, अगं, तुला अडुसष्ट पूर्ण झाली."

"अहो, म्हणून तर साठीवरच्यांत घेतलं."

"तुझा गुडघा," विभावरी बोटं मोजायला लागली, "तुझं बीपी. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये टेनिस बसत नाही!"

"बसतं, ताई," मुक्ता हळूच म्हणाली. "मी बघितलंय."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. विभावरीच्या नजरेत भाऊबीज, दिवाळी आणि पुढच्या सगळ्या सणांचे हिशेब एकदम बदलले.

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"मला फक्त मोजे माहीत होते."

"गुरुजी, तुम्हीच सांगा हिला," विभावरी वळली. "पत्नीशिवाय शांत होते का?"

श्रीनाथ गुरुजी प्रामाणिक माणूस. त्यांनी डोळे मिटून आठवलं आणि म्हणाले, "तसा तोडगा आहे. पत्नी काही कारणाने उपस्थित नसेल तर तिच्या जागी सुपारी मांडून संकल्प करता येतो."

"मग मांडा सुपारी," साधनाताई म्हणाल्या.

"गुरुजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

"मी शास्त्राच्या बाजूने आहे हो."

इतक्यात दार वाजलं. दारात रोझमारी हाल्लर उभ्या होत्या, म्हणजे साधनाताईंच्या रोझाबाई. उंच, ताठ, काळ्याभोर, पांढरे केस बारीक कापलेले, हातात आलुबुखाराचा केक. पहिल्या उन्हाळ्यात गुरुदत्तरावांनी मुक्ताला विचारलं होतं, "खालच्या बाई आफ्रिकेतल्या का गं?" मुक्ता म्हणाली होती, "नाही बाबा, इथल्याच. रेगेन्सबर्गात जन्मल्या, इथेच वाढल्या. बाहेरचे आपण आहोत." तेव्हापासून ते जिन्यात भेटले की त्यांना उगाचच लवून नमस्कार करत.

विभावरीची पाठ दाराकडे होती. ती रंगात आली होती. "आणि भर उन्हात खेळून काळी ठिक्कर पडशील आई! पंचाहत्तरीच्या फोटोत कशी दिसशील?"

रोझाबाईंनी अन्वीकडे पाहून भुवया उंचावल्या. मुक्ता "अन्वी, नको" म्हणेपर्यंत अन्वीने शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगून टाकला होता.

विभावरीने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा कणकेच्या दिव्यासारखा फिका झाला.

रोझाबाईंनी केक टेबलावर ठेवला. "तिला सांग," त्या अन्वीला म्हणाल्या, "माझी तर जन्मापासून हीच तक्रार आहे. पण त्याने फोरहँड बिघडत नाही."

साधनाताई सगळ्यांत आधी हसल्या. मग देवदत्त, मग नाइलाजाने गुरुजी. विभावरीने जर्मनमध्ये तीन प्रकारे माफी मागितली; ड्युसेलडॉर्फला एका कंपनीत ती कंत्राटांच्या वाटाघाटी करायची, त्यामुळे तिची माफीसुद्धा कलमवार होती.

"मी भांडायला नाही आले," रोझाबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. मुक्ता सगळ्यांसाठी मराठीत सांगत गेली. "नवऱ्याचा वाढदिवस मोठा असतो. साधनाला यायचं नसेल तर मी कळवून टाकते, आम्ही हरलो. फक्त एवढंच, की फायनल नदीपलीकडच्या क्लबात आहे. तिथे मी अठराव्या वर्षी शेवटची गेले होते."

"का?" गुरुदत्तरावांनी विचारलं.

रोझाबाईंनी सांगितलं ते अगदी साधेपणाने, बसची वेळ सांगावी तसं. वडील अमेरिकन सैनिक, काळे. त्या पोटात असतानाच त्यांची पलटण परत गेली. आई इथल्या टेनिस क्लबाच्या स्वयंपाकघरात बशा धुवायची. रोझी मागच्या भिंतीवर चेंडू मारत मोठी झाली, आणि भिंतीला कंटाळा आला तेव्हा माणसांशी खेळू लागली. नदीकाठच्या या क्लबांमध्ये तोवर एकही काळी मुलगी खेळली नव्हती. पहिल्यांदा तिला घ्यायचं की नाही यावर क्लबात तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीच्या आधी तिने सेक्रेटरीला सरळ सेटमध्ये हरवलं. १९६५ साली ती पलीकडच्या क्लबात एकेरीची फायनल जिंकली.

"वर गच्चीवर बक्षीस समारंभ होता. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. मला म्हणाले, तू खाली थांब, बोलावतो. मी थांबले. वर टाळ्या वाजल्या, मग गाड्या निघून गेल्या. पंधरा दिवसांनी कप पोस्टाने आला. एक कान मोडलेला. नंतर मी पुष्कळ ठिकाणी जिंकले. इथली कॅप्टन झाले, अर्ध्या गावाची पोरं शिकवली. पण त्या गच्चीवर त्यांनी कधी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. जिंकायलाच हवं असं नाही. मला फक्त या वेळी वर जायचंय."

गुरुजींनी केकचा तुकडा उचलला होता, तो तसाच हातात धरून ते बसले.

"मी जाणार," साधनाताई म्हणाल्या.

"आई, बाबांचा विचार..." विभावरीचा आवाज आता बराच खाली आला होता.

"त्यांचा विचार मी पंचेचाळीस वर्षं केलाय गं. उद्या सकाळी दोन तास सुपारी करील."

"आणखी एक," रोझाबाई उठता उठता संकोचाने म्हणाल्या. "तिथे जुना नियम आहे. कपडे पांढरेच लागतात. पूर्ण पांढरे."

हे मुक्ताने मराठीत सांगितलं मात्र, विभावरी मटकन सोफ्यावर बसली. "पांढरी साडी? बाबांच्या पंचाहत्तरीला?"

*

गुरुदत्तराव रविवारी सकाळी पाटावर बसले तेव्हा त्यांच्या कमरेला पीतांबर होता आणि वर काहीच नव्हतं. पूजेनंतर घालायला म्हणून त्यांचा पांढरा शुभ्र झब्बा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता, तो नाहीसा झाला होता.

"आई घालून गेली," देवदत्त म्हणाला. "खाली मुक्ताची पांढरी सलवार. साडी टळली ना बाबा, विभाताईला जरा बरं वाटलं."

साधना, रोझाबाई, मुक्ता आणि अन्वी नऊ वाजताच रोझाबाईंच्या गाडीतून गेल्या होत्या. जाताना साधनाने त्यांना वाकून नमस्कार केला होता, वाढदिवसाचा. त्यांनी "सांभाळून" एवढंच म्हटलं होतं. खरं म्हणजे त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण काय ते आठवेपर्यंत खाली गाडीचं दार लागलं.

श्रीनाथ गुरुजींनी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी ठेवली, तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं.

"या आपल्या सौभाग्यवती," ते म्हणाले. "हात लावून म्हणा, मम धर्मपत्न्या सह..."

गुरुदत्तरावांनी सुपारीकडे पाहिलं. माल तपासण्याची जन्माची सवय. त्यांनी ती सर्व बाजूंनी पाहिली. जरा चपटी होती. एका अंगाला डाग होता. मुख्य म्हणजे ती काही बोलत नव्हती. साधना असती तर आतापर्यंत म्हणाली असती, अहो, नीट बसा, पाठ वाकतेय. किंवा, गुरुजी, जरा आटपतं घ्या, यांना ॲसिडिटी होते.

"म्हणा," गुरुजी म्हणाले.

"मम धर्मपत्न्या सह," गुरुदत्तराव म्हणाले आणि सुपारीला बोट लावलं. बोट जरा जोरात लागलं. सुपारी पानावरून घरंगळली, पाटावरून उतरली आणि थेट सोफ्याखाली गेली.

देवदत्त आडवा पडून हात घालू लागला. "दिसते आहे, पण पोचत नाही."

"झाडू आण," विभावरी म्हणाली.

लेक झाडूने आपल्या आईला सोफ्याखालून बाहेर काढते आहे, हे दृश्य गुरुदत्तरावांनी थोडा वेळ पाहिलं. मग ते उठले.

"देवा, गाडी काढ."

"बाबा, संकल्प अर्धा राहिलाय!"

"बायकोची मॅच चालू आहे आणि मी सुपारीबरोबर बसलोय. गाडी काढ."

"मी येते," विभावरी झाडू टाकून म्हणाली. "आईला लगेच परत आणायला."

"आणि मी?" गुरुजी म्हणाले. "यजमानच उठले तर मी मंत्र कोणासाठी म्हणू?" आणि तेही पायात बूट घालू लागले.

झब्बा नव्हताच. गुरुदत्तरावांनी पीतांबरावर अन्वीचं निळं रेनकोटवजा जॅकेट चढवलं, ज्याच्या पाठीवर एक युनिकॉर्न होता, आणि ते गाडीत पुढच्या सीटवर बसले.

*

साधनाताईंची एकच अडचण होती. शाळेत त्या टेनिकॉइटच्या कॅप्टन होत्या. रबरी रिंग जाळीवरून येते आणि ती झेलायची असते. मधे पन्नासहून जास्त वर्षं गेली, लग्न झालं, दोन मुलं झाली, पण हात ते विसरला नव्हता. जाळीपाशी वेगाने काही आलं की डावा हात आपोआप वर जाई आणि ते पकडी.

पहिल्याच गेममध्ये त्यांनी समोरच्या बाईंचा जोरदार फटका एका हातात असा काही झेलला की गच्चीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पॉइंट अर्थातच गेला.

"साधना," रोझाबाई मागून म्हणाल्या, "सुंदर. पण नको."

दोघींचं संभाषण एरवीही पंधरा-वीस शब्दांतच चाले. जा म्हणजे हो, नाइन म्हणजे नाही, गूट म्हणजे छान, आणि "अरे देवा", जे रोझाबाई आता अगदी योग्य ठिकाणी वापरत. रोझाबाईंची कंबर दुखत होती, त्यामुळे त्या मागच्या रेषेवर उभ्या राहून लांबून खेळत, आणि पुढचं सगळं साधनाताईंकडे होतं. समोर इरमगार्ड लीबल नावाच्या सत्तरीला टेकलेल्या, बारीक चणीच्या बाई आणि त्यांची नणंद. दोघी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या स्कर्टमध्ये. साधनाताईंचा झब्बा गुडघ्याखाली येत होता आणि बाह्या चार वेळा दुमडल्या होत्या. वाऱ्यात त्या शिडाच्या होडीसारख्या दिसत होत्या.

वयाचा मान राखून एकच सेट होता. झेलाझेलीत साधनाताई आणि रोझाबाई चार-एकने मागे पडल्या.

तेवढ्यात फाटकापाशी काहीतरी झालं. लोक वळून पाहू लागले. साधनाताईंनीही पाहिलं आणि त्यांच्या हातातून चेंडू निसटला. पिवळाधमक पीतांबर, निळं जॅकेट, कपाळाला गंध. मागून तबक घेतलेली विभावरी. गडबडीत ते हातातून ठेवायचं राहूनच गेलं होतं. तिच्यामागे देवदत्त आणि शेंडीवाले गुरुजी.

"अहो!" साधनाताई कोर्टावरून ओरडल्या. "शांतीचं काय झालं?"

"तू तुझा खेळ बघ!" गुरुदत्तराव ओरडले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

त्यांना टेनिस येत नव्हतं. पण पाच मिनिटांत त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. "अन्वी, ती नणंद डावीकडे जातच नाही. गुडघा दुखतोय तिचा. आजीला सांग." अन्वी पळत जाऊन सांगून आली. साधनाताईंनी पुढचे सगळे चेंडू डावीकडे टाकायला सुरुवात केली, आणि शाळेतली जुनी युक्ती काढली: रिंगला मनगटाने गिरकी द्यायची तशी त्या खालून सर्व्हिस करू लागल्या. चेंडू पडे एकीकडे आणि उडे तिसरीकडेच. लीबलबाई एकदा तर वाऱ्यालाच रॅकेट मारून गोल फिरल्या. चार-एकचे चार-चार झाले.

"बाहेर! बाहेर!" गुरुदत्तराव मराठीत ओरडू लागले. पंचाने त्यांना बोट दाखवून गप्प केलं. मग ते गुरुजींच्या कानात ओरडू लागले.

विभावरी आईला न्यायला आली होती. ती आता उभी होती आणि तिने तबक छातीशी घट्ट धरलं होतं. "मुक्ता," ती पुटपुटली, "आई असं खेळते हे आपल्याला कधी कोणी सांगितलंच नाही ना गं?"

"कोणी विचारलंच नाही, ताई," मुक्ता म्हणाली आणि तिला बसायला जागा करून दिली.

पाच-चार. साधनाताई-रोझाबाईंचा मॅच पॉइंट. रोझाबाईंनी मागून लांब, खोल फटका मारला; धापा टाकत मारला, पण मारला. लीबलबाईंनी सगळा जीव एकवटून परतवला आणि चेंडू थेट साधनाताईंच्या चेहऱ्याच्या दिशेने आला. त्यांचा डावा हात वर गेला.

"साधना!" गुरुदत्तरावांचा आवाज नदीपार गेला असेल. "झेलू नकोस!"

डावा हात तसाच हवेत राहिला. उजव्याने त्यांनी डोळे मिटून रॅकेट पुढे केली. चेंडू तिला लागून जाळीच्या वरच्या पट्टीवर चढला, तिथे जरा थबकला आणि पलीकडे टपकन पडला.

साधनाताईंनी डोळे उघडले, तेव्हा रोझाबाई कंबर विसरून त्यांच्याकडे पळत येत होत्या. "अरे देवा!" त्या म्हणत होत्या. "अरे देवा, अरे देवा!"

*

गच्चीवर जायला दगडी पायऱ्या होत्या. रोझाबाई पहिल्या पायरीपाशी थांबल्या. विभावरी त्यांच्या मागेच होती, त्यामुळे तिला दिसलं की त्यांनी कठडा घट्ट धरलाय. साधनाताईंनी त्यांचा दुसरा हात धरला, आणि दोघी वर गेल्या.

क्लबाचे अध्यक्ष विमर म्हणून चाळिशीतले हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी छोटंसं भाषण केलं, चांदीचा कप उंच धरून सगळ्यांना दाखवला, फोटो काढवून घेतला आणि मग तो खाली टेबलावर ठेवला.

"आल्झो, तर यावर तुमची नावं कोरून घ्यायची आहेत," ते आनंदाने म्हणाले. "म्हणून आज ठेवून घेतो. पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवून देऊ!"

रोझाबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी फक्त मान हलवली, पन्नास वर्षांपूर्वी हलवली असेल तशीच.

साधनाताईंना त्या वाक्यातला एकच शब्द कळला. पण तो पुरेसा होता.

"पोस्ट?" त्या म्हणाल्या. "नाइन. नाइन पोस्ट!" आणि त्यांनी टेबलावरचा कप उचलून कुशीत घेतला.

विमर गोंधळले. भाषेची अडचण असावी असं समजून त्यांनी हसत हसत कपाचा एक कान धरला. साधनाताईंनी दुसरा धरला. "बिट्टे," विमर विनवत म्हणाले. "नाइन," साधनाताई म्हणाल्या. कप इकडे गेला, तिकडे गेला. गच्चीवरचे लोक कॉफीचे कप हातात धरून बघत राहिले. देवदत्त "आई, आई" करत होता. गुरुदत्तराव युनिकॉर्नसकट पुढे झाले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, सोडा तो. ती सोडणार नाही. मी ओळखतो तिला."

विभावरीने तबक गुरुजींच्या हातात दिलं आणि घसा साफ केला.

"हेर विमर," ती जर्मन रिवाजाप्रमाणे अदबीने म्हणाली. आवाज तोच, ज्याच्यापुढे ड्युसेलडॉर्फला मोठमोठे वकील पाणी मागत. "आपण कपाचा कान सोडावा आणि दोन मिनिटं माझं ऐकावं."

तिने सगळं सांगितलं. १९६५. खाली थांब. फोटोवाला. वरच्या टाळ्या. मोडका कान. आवाज चढवला नाही, एकही शब्द जास्तीचा वापरला नाही. विमर यांचा हात कपावरून आपोआप निघाला. ते कानापर्यंत लाल झाले. "मला... मला माहीत नव्हतं हो," ते रोझाबाईंना म्हणाले. "कोणी सांगितलंच नाही कधी."

"मला माहीत होतं," मागून कोणीतरी म्हणालं.

त्या इरमगार्ड लीबल होत्या. लाल मातीने स्कर्ट भरलेला, केस विस्कटलेले. "ती फायनल मीच हरले होते," त्या म्हणाल्या. "वर्तमानपत्रात फोटो माझा आला. जिंकलीस तू आणि फोटोत मी. आईने तो फ्रेम करून लावला होता. मी कधी काही बोलले नाही." त्या साधनाताईंपुढे आल्या आणि दोन्ही हात पुढे केले. साधनाताईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि कप दिला.

लीबलबाई रोझाबाईंकडे वळल्या. त्यांनी कप रोझाबाईंच्या हातात ठेवला. दोघी म्हाताऱ्या तो मधे धरून उभ्या राहिल्या.

"इरमगार्ड," रोझाबाई म्हणाल्या, "तुझा बॅकहँड तेव्हाही असाच वाईट होता."

लीबलबाई हसता हसता रडायला लागल्या. विभावरीने रुमालासाठी पर्स उघडली, आणि तो आधी स्वतःलाच लागला.

*

घरी परतेपर्यंत मराठी मंडळातली मंडळी जिन्यात बसून भुकेने एकमेकांशी वाद घालत होती. मुक्ताने दार उघडून आधी सगळ्यांना पुऱ्या वाढल्या. गुरुजींनी संकल्प पुन्हा सुरुवातीपासून केला, आता शेजारच्या पाटावर साधनाताई होत्या आणि "गुरुजी, जरा आटपतं घ्या" म्हणत होत्या. रोझाबाई सोफ्यावर कप मांडीत घेऊन बसल्या होत्या. त्या तो खाली ठेवायला तयार नव्हत्या. श्रीखंडही त्यांनी त्यातच घेतलं.

मग पंचाहत्तर दिवे लागले. विभावरीने चांदीचं तबक आईच्या हातात दिलं.

साधनाताईंनी ते घेतलं, उचललं, आणि कमरेपाशीच थांबल्या.

"काय झालं आई?" मुक्ताने विचारलं.

"हात वर जाईना गं," साधनाताई हळू आवाजात म्हणाल्या. "खांदा गेला सगळा. त्या गिरकीच्या सर्व्हिसने."

"मी धरते," विभावरी पुढे झाली. मुक्ताही पुढे झाली. देवदत्त म्हणाला, "बाम आणू का?" मंडळातल्या एका काकूंनी शास्त्र काढलं, औक्षण अर्धवट थांबवू नये म्हणून. सगळे एकदम बोलू लागले.

गुरुदत्तराव पाटावरून उठले नाहीत. त्यांनी गुडघ्यांवर हात रोवले आणि कुरकुरत पुढे वाकले, तबकाच्या उंचीपर्यंत. मग ज्योतींच्या समोर त्यांनी आपलं डोकं उजवीकडून डावीकडे हळूहळू गोल फिरवलं. एकदा. परत एकदा.

तबक जागच्या जागी होतं आणि पंचाहत्तर वर्षांचा नवरा त्याच्याभोवती फिरत होता. अन्वी खिदळायला लागली. काकूंनी तोंडाला पदर लावला. गुरुजींचा मंत्र हसण्यात अडकला. साधनाताईंच्या हातातलं तबकही आता हसण्याने हलू लागलं होतं आणि ज्योती नाचत होत्या.

"हसू नका रे," गुरुदत्तराव तिसऱ्या फेरीत, वाकल्या वाकल्या म्हणाले. "दमलीय ती. मॅच खेळून आलीय."